जुन्या बाहुल्या खऱ्या वाटतात आणि आजची कोट्यवधींची सैन्यं नाहीत, असं का?

रात्रपाळी_बहाद्दर

आधीच सांगून टाकतो, हे 'आमच्या वेळी असं नव्हतं' छापाचं रडगाणं नाही. 'द डार्क क्रिस्टल' (१९८२) आणि 'लॅबिरिंथ' (१९८६) हे दोन्ही बाहुल्यांचे चित्रपट मी लहानपणी पाहिलेलेच नाहीत. आत्ता, चाळिशीच्या उंबरठ्यावर, पहिल्यांदा पाहिले. मी वाढलो तो 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वर. म्हणजे आठवणींचा गोडवा असलाच तर तो कॉम्प्युटरच्या बाजूने असायला हवा.

'डार्क क्रिस्टल'मध्ये माणसाचा चेहरा एकदाही दिसत नाही. सुरुवातीलाच स्केक्सिस नावाच्या दुष्ट, गिधाडासारख्या जमातीचा म्हातारा सम्राट शेवटचे श्वास मोजत पडलेला असतो आणि दरबारी भोवती टपून बसलेले असतात. त्यातला चेंबरलेन नावाचा दरबारी हळूच राजदंडाकडे हात नेतो, तेवढ्यात म्हातारा डोळे उघडतो आणि दंड गच्च धरतो. त्या हातात फोम आणि रबर आहे, आत कुणाचा तरी खांदा भरून आलाय, हे सगळं मला माहीत. तरी दचकलो. पुढे त्या म्हाताऱ्याचा चेहरा कोसळून त्याचा भुगा होतो, ते तर मागे नेऊन परत पाहिलं.

त्याच आठवड्यात 'हॉबिट'चा तिसरा भाग (२०१४) पुन्हा लावला. पाच सैन्यं, रानडुकरावर बसून आलेला बुटक्यांचा राजा, कडेलोट, बर्फ. काम चोख आहे, बोट ठेवायला जागा नाही. आणि लढाई निम्मी व्हायच्या आत मी फोन चाळायला लागलो होतो.

तर प्रश्न असा की फरक नेमका कुठे पडतो? 'बाहुलीत जीव असतो' वगैरे काव्य नको. प्रकाश, कॅमेरा, वजन, डोळे, यातलं कामाचं काही कुणाला ठाऊक असेल तर सविस्तर लिहा.

उंटावरचा_शहाणा

बहाद्दर, तुमची तुलनाच मुळात वाकडी आहे. एका बाजूला त्या काळातलं सगळ्यात नावाजलेलं काम, दुसऱ्या बाजूला आजचा घाईगडबडीत उरकलेला तिसरा भाग. ऐंशीच्या दशकात रबरी राक्षसांचे टुकार चित्रपट ढिगाने आले. ते कुणाला आठवत नाहीत म्हणून तो काळ सोन्याचा वाटतो, इतकंच.

आणि तुम्ही स्केक्सिसांचंच का लिहिलंत? जेन आणि कीराबद्दल चकार शब्द नाही! नायक-नायिका ते आहेत ना? जेनचा चेहरा पूर्ण चित्रपटभर एकसारखा. ओठांची उघडझाप, काचेचे डोळे, पापणी कधी मिटलीच तर मिटली. त्याला वाईट वाटतंय हे पार्श्वसंगीत सांगतं तेव्हा कळतं. स्केक्सिस जमले कारण ते विद्रूप आहेत. विद्रूप चेहरा कसा हलायला हवा हे आपल्याला कुठे ठाऊक असतं? माणसासारखा चेहरा आला की मात्र आपण लगेच दात मोजायला बसतो.

दुसरं, पाय. बाहुलीपटात पात्रं सारखी झुडपामागे, दगडामागे, टेबलामागे का असतात? खाली माणूस लपलाय म्हणून. जेन आणि कीराला लांबून चालताना दाखवायचं तर पोशाख चढवलेला ठेंगणा कलाकार आणावा लागतो, आणि तो बदल डोळ्यांना खटकतो. मला तरी खटकला.

'लॅबिरिंथ'चं म्हणाल तर २.५ कोटी डॉलर घालून बनवला, अमेरिकेत त्याच्या जेमतेम निम्मे आले. तेव्हाच्या प्रेक्षकांवर जादू झाली नव्हती. गंमत म्हणजे त्याच चित्रपटाच्या श्रेयनामावलीत उडणारं पांढरं घुबड कॉम्प्युटरवर केलेलं आहे! म्हणजे बाहुल्यांचे सम्राट जिम हेन्सन यांनाही जे बाहुलीने होणार नव्हतं त्यासाठी कॉम्प्युटर चालला.

आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला कॉम्प्युटरवर केलेला गॉलम? दुसऱ्या भागात, 'टू टॉवर्स' (२००२) मध्ये, तो स्वतःशीच भांडतो, एकदा भाबडा आणि एकदा कावेबाज. कापडाची कुठली बाहुली हे करून दाखवेल?

पडद्यामागची

मी कंपोझिटिंग करते. म्हणजे सेटवर चित्रित झालेलं, कॉम्प्युटरवर तयार झालेलं आणि मिनिएचरचं (छोट्या प्रतिकृतीचं), असे तुकडे एकाच शॉटमध्ये सांधायचे. सुरुवातीची काही वर्षं रोटो (फ्रेममधली आकृती कापून वेगळी काढणं) आणि पेंटमध्ये गेली, तिथे तारा, दांड्या आणि माणसं पुसायचंच काम. त्यामुळे दोन्ही बाजूंचा चिखल अंगावर उडालेला आहे.

शहाण्यांचं पायांबद्दलचं आणि जेनच्या चेहऱ्याबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण बाहुली विरुद्ध कॉम्प्युटर अशी ही कुस्ती नाहीच, असं माझं मत आहे. प्रश्न आहे निर्णय कधी घेतला याचा.

'डार्क क्रिस्टल'चं घ्या. गार्थिम नावाचे ते काळे, खेकड्यासारखे शिपाई आहेत ना, त्यांचा पोशाख ३० किलोच्या वर भरायचा. आतल्या माणसाला दर काही मिनिटांनी पोशाखासकट स्टँडवर टांगून ठेवायचे, म्हणजे पाठीवरचा भार उतरेल. लांब पायांचे लँडस्ट्रायडर म्हणजे हातांना आणि पायांना, चारी ठिकाणी उंच काठ्या बांधलेला एक कलाकार. मिस्टिक हे त्यातले शांत, वाकलेले जीव; ते साकारणाऱ्याला गुडघ्यात वाकून एक हात पुढे ताणून धरावा लागे, आणि स्वतः हेन्सन यांनाही त्या अवस्थेत फार वेळ टिकता येत नसे. आता मला सांगा, अशा युनिटमध्ये सेटवर येऊन 'बघू या, गार्थिम डावीकडून आले तर कसं वाटतं' असं कोण म्हणेल? ते कुठून येणार, किती पावलं टाकणार, कॅमेरा कुठे असणार, दिवा कुठल्या बाजूला, हे सगळं आधी कागदावर पक्कं. सेटची जमीनसुद्धा उंच बांधून घेतलेली, खाली पपेटियर (बाहुली चालवणारे) उभे राहतील म्हणून. जमिनीतलं भोक कुठे पाडायचं हे सुताराला सांगावं लागतं आणि एकदा पाडलं की पाडलं.

स्केक्सिसच्या आत एक मुख्य कलाकार. त्याचा एक हात वर डोक्यात, दुसरा बाहुलीच्या हातात. डोळे, पापण्या वगैरे केबलने हलवणारे बाकीचे बाहेर. आतल्याला बाहेरचं काही दिसत नाही. कॅमेऱ्यात काय येतंय ते तो छोट्या मॉनिटरवर बघतो. म्हणजे बाहुली कॅमेऱ्यासमोर अभिनय करते तेव्हा कलाकार स्वतःच प्रेक्षक होऊन तो अभिनय त्याच क्षणी सुधारत असतो. राजदंडावरची ती बोटं तुम्हाला खरी वाटली, कारण बोटं आणि दंड यांच्यात खरोखरच घासाघीस चालली होती. दंड किंचित डगमगतो, बाही मागे सरकते, कापडाला सुरकुती पडते. हे कुणी 'घातलेलं' नाही, झालेलं आहे. आम्हाला तेच घालायचं असेल तर आधी कुणाला तरी ते सुचावं लागतं, मग कापडाचं सिम्युलेशन, मग कुणीतरी म्हणतं की सुरकुती लक्ष वेधतेय, काढा. गेली सुरकुती.

प्रकाशाचंही तेच. बाहुली आणि सेट एकाच दिव्याखाली असतात. जमिनीवर हिरवं शेवाळ असेल तर हनुवटीखाली हिरवट झाक आपोआप येते. सेटवर नसलेलं पात्र नंतर घालायचं असेल तर तिथे एक चकचकीत गोळा आणि एक करडा गोळा धरून फोटो काढतात. चकचकीत गोळ्यात आजूबाजूचे सगळे दिवे दिसतात, करड्यावर सावलीचा उतार कळतो, आणि त्यावरून आम्ही तोच प्रकाश पुन्हा रचतो. ही पद्धत उत्तम चालते. पण सेटच नसेल, चहूबाजूंनी हिरवा पडदा असेल, तर गोळ्यात काय दिसणार? हिरवा पडदा. मग 'नंतर कुठलीही वेळ दाखवता यावी' म्हणून मुद्दाम सपाट प्रकाशात शूट करतात. ना सकाळ, ना दुपार. त्या प्लेटवर (चित्रित झालेल्या मूळ शॉटवर) मी कितीही संध्याकाळ फासली तरी नटाच्या नाकाची सावली माझ्या बाजूने साक्ष देत नाही.

'हॉबिट'ला तुम्ही कंटाळलात त्याचं कारण इथेच आहे असं मला वाटतं. आधी गिएर्मो देल तोरो दिग्दर्शन करणार होते. ते २०१० मध्ये बाहेर पडले आणि पीटर जॅक्सन यांच्या गळ्यात ते काम आलं. पूर्वतयारीला पुरेसा वेळच मिळाला नाही, हे पुढे त्यांनी स्वतःच उघडपणे सांगितलंय. मोठ्या लढाईचं चित्रीकरण तर थांबवून पुढे ढकलावं लागलं, कारण लढाईत काय घडतं तेच ठरत नव्हतं. त्याच माणसाच्या 'टू टॉवर्स'मधली हेल्म्स डीपची लढाई बघा. खाणीत उभारलेला सेट, महिनोन्‌महिने रात्रपाळ्या, खोटा पाऊस पण खरोखर भिजलेली माणसं, मोठं मिनिएचर, आणि मग मागच्या हजारोंच्या गर्दीसाठी 'मॅसिव्ह' हे सॉफ्टवेअर. मिनास तिरिथ शहरसुद्धा १:७२ प्रमाणात बांधलेलं मिनिएचर होतं. तिथे कॉम्प्युटर नव्हता असं नाही, भरपूर होता. पण त्याला टेकायला काहीतरी घट्ट होतं.

मी एका प्रकल्पावर होते (नाव नको), तिथे एक उडणारा प्राणी होता. तो नायकाच्या कुठल्या बाजूला उतरणार हे चित्रीकरण होऊन कित्येक महिने झाले तरी ठरेना. नट बिचारा मधोमध, साधारण वरच्या दिशेला बघत उभा. डावीकडे उतरवा, उजवीकडे उतरवा, जरा मागे उतरवा. शेवटी मागे उतरवला, म्हणजे नटाची नजर चुकली तरी चालेल! पडद्यावर तो शॉट दोन-अडीच सेकंदांचा आहे. कुणाच्याही लक्षात राहणार नाही आणि राहू नये. बाहुली असती तर ती पहिल्या दिवशीच कुठेतरी ठेवावी लागली असती ना.

आणि एक विनंती. 'सीजी (कॉम्प्युटरवर केलेली दृश्यं) वाईट आहे' म्हणताना शिव्या आमच्या लोकांना घालू नका. 'लाइफ ऑफ पाय'चा वाघ करणाऱ्या रिदम अँड ह्यूज कंपनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि त्याच महिन्यात त्या कामाला ऑस्कर मिळालं. ठरलेल्या रकमेत काम घ्यायचं आणि बदल मात्र अखेरपर्यंत येत राहणार, असा हा धंदा आहे.

शेंडेफळ

वरचा प्रतिसाद वाचून नटांचे दोन किस्से आठवले.

'हॅरी पॉटर'च्या दुसऱ्या भागातला फीनिक्स पक्षी यांत्रिक होता. डंबलडोर झालेले रिचर्ड हॅरिस यांना म्हणे तो खराच, शिकवून तयार केलेला पक्षी वाटला होता. मग काय, त्याच्याकडे बघताना त्यांना वेगळा अभिनय कशाला करावा लागेल?

उलट बाजू म्हणजे इयन मॅकेलन. 'हॉबिट'मध्ये त्यांचा जादूगार गँडाल्फ उंच आणि बुटके ठेंगणे दिसावेत म्हणून त्यांना वेगळ्या हिरव्या सेटवर एकट्याने काम करायला लावलं. समोर स्टँडवर बुटक्यांचे फोटो, आणि जो बोलतोय त्याच्या फोटोचा दिवा लागणार. म्हातारबुवा अक्षरशः रडले. आयुष्य रंगभूमीवर काढलेल्या माणसाला दिव्यांशी गप्पा मारायला लावल्या!

मला वाटतं प्रेक्षकाला बाहुली दिसते त्याहून जास्त, बाहुलीकडे बघणाऱ्याचे डोळे दिसतात. 'स्टार वॉर्स'च्या 'एम्पायर स्ट्राइक्स बॅक' (१९८०) मधला योडा खरा वाटतो त्यात ती बाहुली चालवणाऱ्या फ्रँक ऑझ यांच्या हाताइतकाच वाटा समोरच्या नटाच्या, मार्क हॅमिल यांच्या नजरेचा आहे.

रात्रपाळी_बहाद्दर

पडद्यामागची, मनापासून आभार. सुरकुतीचं वाचून परत जाऊन तो सीन लावला. बाही खरंच मागे सरकते हो!

पण योडाचा विषय निघालाच आहे तर त्याच्यावरच विचारतो. २००२ मध्ये तो कॉम्प्युटरवर गेला आणि तलवारबाजी करत टणाटण उड्या मारायला लागला. १९९९ च्या चित्रपटातली त्याची बाहुलीसुद्धा पुढे २०११ च्या ब्लू-रेत काढून तिथे कॉम्प्युटरचा योडा बसवला. तर २०१७ मध्ये पुन्हा बाहुली, पुन्हा फ्रँक ऑझ. तुमच्या 'निर्णय कधी' या सूत्रात हे कसं बसतं? आणि 'डार्क क्रिस्टल'च्याच जगातली २०१९ ची 'एज ऑफ रेझिस्टन्स' मालिका पाहावी का? त्यात दोन्ही एकत्र आहे म्हणतात.

पडद्यामागची

योडाचं आधी. तो उडी मारू शकत नव्हता म्हणूनच बसून बोलायचा, आणि बसून बोलायचा म्हणूनच त्याचं म्हणणं ऐकावंसं वाटायचं. कॉम्प्युटरवर आल्यावर उडी मारणं शक्य झालं आणि शक्य झालं म्हणून मारली. ते ॲनिमेशन वाईट नाही, त्या काळाच्या मानाने फारच चांगलं आहे. लेखकाने काय हवं ते आधी ठरवलं की साधन हातात आल्यावर सुचलं, एवढाच माझा आक्षेप. १९९९ ची बाहुली मात्र मलाही आवडली नव्हती. चेहरा बिघडला होता त्यांच्याकडून, १९८० च्या योडाशी साम्यच कमी. तेव्हा बाहुली म्हटलं की जमलंच असं नाही.

'स्टार वॉर्स'चीच मालिका 'द मँडलोरियन' करताना त्यातल्या योडासारख्या पिल्लाची बाहुली जमली नाही तर काय, म्हणून तिच्याशिवायचीही प्लेट काढून ठेवत होते. त्यात काम करणारे वर्नर हर्झोग भडकले आणि त्यांनी सगळ्यांना भित्रे म्हणून झापलं. आमच्या खात्यातून बघितलं तर रिकामी प्लेट काढणं हा शहाणपणा आहे, मी तर हात जोडून मागते. पण म्हातारा काय म्हणत होता तेही मला कळतं.

'एज ऑफ रेझिस्टन्स' जरूर पाहा. १० भाग आहेत, दिग्दर्शक लुई लेतेरिए. सुरुवातीला गेलफ्लिंग (जेन-कीराची जमात) कॉम्प्युटरवर आणि स्केक्सिस बाहुल्या असा विचार होता. तशी चाचणी करून पाहिली आणि दोघांच्या दोन जाती पडल्यासारख्या दिसल्या, म्हणून सगळ्याच बाहुल्या ठेवल्या. कॉम्प्युटरचं काम बरंचसं पुसण्याचं आणि वाढवण्याचं. पपेटियर सेटवर उघडपणे वावरतात, नंतर त्यांना मिटवायचं. शहाण्यांची पायांची तक्रार इथे बरीच भागते, कारण बाहुली आता झुडपाबाहेर येऊन चालू शकते.

पुसणं म्हणजे काय ते सांगते, लोकांना ते बटण दाबण्याचं काम वाटतं. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे १२० फ्रेम. मागे पपेटियरचं डोकं, पुढे बाहुलीचे मोकळे केस. डोकं काढायचं, केस ठेवायचे. केसांच्या मधल्या फटीतून मागचा माणूस दिसतोच, आणि केस हलतायत. रिकाम्या सेटची प्लेट असेल तर मागची भिंत तिथून आणता येते. पण केसांच्या कडा दर फ्रेमला हाताने बघाव्या लागतात, नाहीतर डोक्याभोवती उकळल्यासारखी थरथर दिसते. काही बटा पूर्ण नव्याने रंगवाव्या लागतात. असा शॉट पुरा झाल्यावर त्यात मी काही केलंय हे कुणाला कळता कामा नये, आणि कळत नाही.

बाकी मालिका पहिल्या हंगामानंतर बंद केली. २०२० मध्ये मुलांच्या सर्वोत्तम कार्यक्रमाचा एमी पुरस्कार तिला मिळाला आणि बंद झाल्याची बातमीही साधारण तेव्हाच आली. असो.

उंटावरचा_शहाणा

बाई, तुमचं 'निर्णय आधी' हे मला पटलं, पण मग तुमचाच मुद्दा तुमच्यावर उलटतो. निर्णय आधी घेणारा दिग्दर्शक असेल तर कॉम्प्युटरच पुरे की! बाहुली ही फक्त बेशिस्त दिग्दर्शकाला वेसण घालायला हवी, असं झालं हे.

आणि माझा गॉलम तसाच बाजूला राहिला.

पडद्यामागची

गॉलम राहिला खरा. तो माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे म्हणून घाई केली नाही. अँडी सर्किस सेटवर, इतर नटांसोबत, चिखलात रांगत होते. नंतर तीच दृश्यं मोशन कॅप्चरसाठी (शरीराच्या हालचाली टिपून कॉम्प्युटरच्या पात्राला देण्यासाठी) परत केली. चेहऱ्याचं कॅप्चर तेव्हा नव्हतं, म्हणून ॲनिमेटर त्यांचा चेहरा बघून बघून हाताने हालचाली घालत होते. म्हणजे काय झालं? गोष्टीतल्या सॅमने ज्याला खाली पाडलं तो खरा माणूस होता, आणि चेहऱ्यामागे बसलेले लोक पपेटियरच होते, फक्त केबलच्या जागी माऊस.

वेसण घालण्याबद्दल: हो, थोडंफार तसंच. शिस्तीचा दिग्दर्शक असेल तर मला कॉम्प्युटर पुरतो. पण बाहुली अजून एक करते जे शिस्तीने येत नाही. ती अधूनमधून चुकते. 'लॅबिरिंथ'मधल्या बुटक्या हॉगलचा चेहरा चार जण रेडिओ कंट्रोलने हलवायचे आणि आतली बाई शरीर. पाच जणांचं जुळता जुळता कधी भुवई अर्धा क्षण उशिरा वर जाते, आणि तो विचार करतोय असं वाटतं. आमच्याकडे ती भुवई वेळेवर जाते.

शेंडेफळ

शहाणे, 'टू टॉवर्स'मधलं चालतं-बोलतं झाड, ट्रीबीअर्ड, विसरलात! जवळच्या शॉटमध्ये त्याची चांगली दोन माणूस उंच बाहुली होती आणि मेरी-पिपिन ही दोन पोरं तिच्यावर खरोखर बसवलेली. लांबून दिसतो तो कॉम्प्युटरचा. कुठे बदलतो ते शोधून दाखवा.

उंटावरचा_शहाणा

शोधतो. बटाट्याचं पोतं खांद्यावर टाकल्यासारखी ती पोरं हलतात तिथे बाहुली, हे मी आत्ताच न बघता सांगतो. बहाद्दर, तुम्ही 'एज ऑफ रेझिस्टन्स' पाहून गेलफ्लिंगांच्या चेहऱ्यांबद्दल तेवढं लिहा. पापण्या मिटत असतील तर मी पण बघेन.